आधी बेरीज, मग वर्ग

‘वर्ग केला की कला जाते, मग तिचे एवढे कौतुक कशाला?’ पुंजयामिकीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. तरंगफलनाला परिमाण असते आणि कला असते; कला म्हणजे संमिश्र संख्यांच्या प्रतलावरचा कोन. कण कुठे सापडेल याची संभाव्यता परिमाणाच्या वर्गाने मिळते आणि त्यात कोन उरत नाही. तेव्हा कला ही निव्वळ गणिती सोय, असा हा पूर्वपक्ष.

त्यातले खरे आधी मान्य करू. संपूर्ण तरंगफलनाला एकाच कलागुणकाने गुणले, तर कोणत्याही प्रयोगात तसूभर फरक पडत नाही. पण एवढ्यावरून कला निरर्थक ठरत नाही. कणापुढे दोन वाटा असतील आणि तो कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेही उरली नसेल, तर आधी बेरीज करायची, मग वर्ग. प्रत्येक वाटेचा वाटा १ धरा. कला जुळल्या तर बेरीज २ आणि वर्ग ४. कला विरुद्ध असल्या तर दोन्ही शून्य. आधीच वर्ग करून मिळवले, तर उत्तर कायम २. पूर्वपक्ष नेमका इथेच चुकतो.

निसर्गाची साक्षही आहे. १९७५ मध्ये हेल्मुट राउख आणि सॅम्युअल वर्नर यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिलिकॉनच्या स्फटिकाने न्यूट्रॉनांची शलाका दुभंगली आणि एका वाटेवर चुंबकीय क्षेत्र लावले. क्षेत्राने स्पिन ३६० अंशांतून फिरवला की तरंगफलनाला उणे चिन्ह लागते. त्या एकट्या शलाकेत याचा मागमूस नसतो. दोन्ही शलाका पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा जिथे न्यूट्रॉन जास्त मिळत तिथे ते कमी मिळू लागले. मोजणी मूळपदावर आली ती ७२० अंशांनंतरच. त्याच वर्षी कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी एक वाट दुसरीहून उंच नेली आणि गुरुत्वाकर्षणाने पडलेले कलांतर मोजले. कागदावरच्या सोयीला पृथ्वीची ओढ कशी लागेल?

आपल्या देशात तरी हा गैरसमज टिकू नये. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत विशीतल्या पंचरत्नम यांनी १९५६ मध्येच दाखवले होते, की प्रकाशाचे ध्रुवण फेरी मारून मूळ स्थितीत आले, तरी त्या फेरीची खूण कलेत राहते. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत हीच भूमितीय कला व्यापक रूपात मांडली.

म्हणून शिकवण्याचा क्रम बदलावा. विद्यार्थ्याने आधी एक आणि एक मिळवून चार आणि शून्य ही दोन्ही उत्तरे स्वतः काढावीत. वर्गाचा नियम त्यानंतर सांगावा. मग कला टाकून द्यावी असे त्याच्या मनात येणार नाही.