पाटाळ्याचा पूल आणि एमएच-३४

माझ्या खालाजाद भावाचा मुलगा टोकियोत नोकरी करतो. ईदला व्हिडिओ कॉल झाला की घरातल्या बायका त्याला खाण्यापिण्याचं विचारतात. मी यंदा विचारलं, ऑफिस सुटल्यावर तुम्ही लोक करता काय? तो जरा अडखळला. मग म्हणाला, ‘चचा, इझाकायात जातो. पण मी फक्त ऊलाँग चहा घेतो हं.’

इझाकाया म्हणजे तिथला गल्लीतला बार. आपल्याकडच्यासारखा काळ्या काचेचा नाही. दारावर कागदी कंदील, आत साहेब आणि कारकून एकाच टेबलावर. बसल्याबरोबर न मागता एक छोटी बशी येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्यानं भरायचा. साके तांदळापासून करतात, तीही कोजी नावाच्या बुरशीच्या मदतीनं. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोनं त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या झरी-जामणी, केळापूरकडचे कोलाम आणि गोंड मोहाची फुलं वेचतात, देवालाही वाहतात. पण मोहाची दारू म्हटली की आपल्याला आठवते ती धाडच.

मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मग मी यावर का लिहितो, असं कुणी म्हणेल. पण उर्दू शिकवणाऱ्याला मैखाना चुकवता येत नाही. गझल आली की साकी आला, आणि वर्गातलं एखादं पोर विचारतंच, ‘सर, शायर खरंच प्यायचे का?’ गालिब प्यायचे, हे लपवून उपयोग नाही. रियाझ खैराबादी जन्मभर शराबेवर लिहीत राहिले आणि त्यांनी ती चाखलीही नाही, असं सांगतात. वर्गापुरतं हे उत्तर पुरतं. वणीत मात्र ते पुरलं नाही.

१ एप्रिल २०१५ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्यासाठी तिकडच्या बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या. त्यांच्या मागणीबद्दल मला आजही आदर आहे. वर्धा जिल्हा १९७५पासूनच कोरडा, गडचिरोली १९९३पासून. म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडे बंदी आणि अलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा ओला. मी तेव्हा वणीत शिकवत होतो. वरोऱ्याहून पाटाळ्याचा पूल ओलांडला की झालं. शनिवारी संध्याकाळी बारसमोर गाड्यांची रांग लागायची आणि त्यात एमएच-२९पेक्षा एमएच-३४ जास्त. आमच्या गावाचा धंदा वाढला. हॉटेलवाले, अंडेवाले, पंक्चरवाले, सगळे खूश होते. खोटं कशाला बोलू, आमच्या मोहल्ल्यातले काहीजणही खूश होते. दारू हराम, पण दारूच्या दुकानाला भाड्यानं दिलेला गाळा हराम आहे का, हा प्रश्न जुम्म्याला कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा शनिवार-रविवार एका बारबाहेर गाड्या लावायचं काम करायचा. बाप नव्हता, म्हणून मी कानाडोळा केला. गणितात कच्चा, पण कुठल्या शनिवारी एमएच-३४च्या किती गाड्या आल्या हे त्याला तोंडपाठ असायचं. एका सोमवारी तो शाळेत आला आणि शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसून राहिला. आदल्या रात्री एका माणसाला मोटारसायकल स्टँडवरून काढता येत नव्हती. यानंच ती काढून, वळवून, चालू करून दिली. त्यानं दहाची नोट दिली. पुलाच्या अलीकडे तो गेला. ‘सर, मी गाडी वळवून दिली नसती तर?’ मी म्हणालो, बेटा, तुझी काही चूक नाही. ते खरंच होतं. पण मग चूक कुणाची, हे मला सांगता आलं नाही.

जपानमध्ये याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. ऑगस्ट २००६मध्ये फुकुओकाच्या एका पुलावर दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं मागून धडक दिली, पुढची गाडी समुद्रात पडली आणि एकाच घरातली तीन लेकरं बुडाली. पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. आता गाडी चालवणाऱ्याबरोबर, तो गाडी चालवणार हे माहीत असून पाजणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसून जाणाराही गुन्हेगार. पाजणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून दुकानदारच विचारतो, घरी कसे जाणार? रेल्वे नसेल तर ‘दाइको’वाल्याला फोन जातो. दोघं येतात, एक तुमची गाडी तुम्हाला बसवून चालवतो, दुसरा मागून आपल्या गाडीत येतो.

आपल्याकडेही कायदे कमी नाहीत. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे? पिऊन गाडी चालवली तर पहिल्यांदा दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण ज्यानं पाचवा पेग दिला आणि किल्ली हातात ठेवली, त्याला कुणी काही विचारत नाही. २०१७मध्ये महामार्गापासून ५०० मीटरचा नियम आला, तेव्हा बार हलले, पिणारे हलले नाहीत.

यवतमाळमध्ये ‘स्वामिनी’च्या बायका जिल्हा दारूबंदी मागतात, गावागावांत आडवी बाटली करायला मतदान मागतात. मी त्यांच्या बाजूनं आहे. ज्या घरात रोज मार बसतो तिथल्या बाईला इझाकायाचं कौतुक सांगणं हा बेशरमपणा होईल. पण चंद्रपूरची बंदी २०२१मध्ये उठली, आणि उठेपर्यंतची सहा वर्षं नदीच्या अलीकडे काय झालं ते मी पाहिलं आहे. एका जिल्ह्याची बंदी शेजारच्या जिल्ह्याची जत्रा होते. म्हणून आडवी बाटली होवो न होवो, पाजणाऱ्याला जबाबदार धरणारा कायदा तरी मागून घ्या. त्यासाठी कुणाला पायी नागपूरला जावं लागू नये.

तो मुलगा आता टॅक्सी चालवतो. परवा भेटला तेव्हा त्याला दाइकोचं सांगितलं. म्हटलं, वणीत सुरू कर, बारवालेच तुला फोन करतील. तो हसला. म्हणाला, ‘सर, पिऊन झाल्यावर दोनशे रुपये कोण देतं? तिथं दहाची नोटच निघते.’