इंटरनेटचा वेग : आधी काट्यावर घाला, मग बोला



गळीत हंगाम जवळ आला की गट ऑफिसात एक वाक्य हटकून ऐकू येते. "साहेब, लागणीची नोंद मोबाइलवर भरली होती, पण नेट गेलं अन् ती पोचलीच न्हाई." नोंदीची तारीख मागे पडली की तोडीचा क्रम मागे पडतो. क्रम मागे पडला की ऊस फडात उभा राहतो आणि वजनात घट येते. याचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो, ते आपणास सांगायला नको.

ही एकाच नोंदीची गोष्ट नाही. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपले पीक आपणच फोटोसह मोबाइलवरून नोंदवायचे, अशी ती रीत आहे. बँकेचे व्यवहार, विजेचे बिल, मुलांचे प्रवेशअर्ज हे सगळे आता याच वाटेने जाते. म्हणजे इंटरनेट आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाटाच्या पाण्यासारखी ती गरजेची वस्तू झाली आहे. आणि गरजेच्या वस्तूचे मोजमाप ठेवले नाही तर माणूस नाडला जातो, हे सहकारी चळवळीतल्या माणसाला नव्याने शिकवायला नको.

आपण उसाच्या वजनाबाबत किती जागरूक असतो! शंका आली तर गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालून मगच कारखान्याच्या फाटकातून आत आणतो. त्यात काही गैर नाही. पण तोच सभासद दरमहा इंटरनेटचे पैसे भरतो, "शंभरचा प्लॅन आहे" असे अभिमानाने सांगतो, आणि ते शंभर खरोखर घरात येतात का, हे एकदाही मोजून बघत नाही. मग वेग मंदावला की कंपनीला शिव्या द्यायच्या, नाहीतर दोनशेचा प्लॅन घ्यायचा. आमचे स्पष्ट मत असे की, या दोन्ही गोष्टी करण्याआधी माप घ्यावे.

आता शंभर म्हणजे शंभर काय, ते आधी पाहू. इंटरनेटचा वेग एमबीपीएस या मापात सांगतात. त्याचा अर्थ सेकंदाला इतके मेगाबिट. मोबाइलमधला फोटो किंवा चित्रफीत मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे शंभरच्या वेगाने सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतात. ५०० मेगाबाइटची चित्रफीत शंभरच्या वेगाने ४० सेकंदांत यावी आणि दहाच्या वेगाने तिला साडेसहा मिनिटांहून जास्त लागावीत. ही दोन मापे एकत्र करून "आम्हाला फसवलं" म्हणणारेही पुष्कळ भेटतात. क्विंटल आणि टन यांची गल्लत करून काट्यावर भांडण्यासारखे ते आहे.

वेग मोजायला पैसे लागत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ मध्ये माय स्पीड नावाचे ॲप काढले. ऊकला कंपनीचे स्पीडटेस्ट आणि नेटफ्लिक्सचे फास्ट डॉट कॉम हेही सर्रास वापरात आहेत. बटण दाबले की अर्ध्या-एक मिनिटात आकडे येतात. डाउनलोड म्हणजे आपल्याकडे येणारा वेग, अपलोड म्हणजे आपल्याकडून जाणारा वेग, आणि पिंग म्हणजे आपण हाक मारल्यावर पलीकडून ओ यायला लागणारा वेळ. पिंग सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि तो जितका कमी तितका चांगला. नोंद भरताना किंवा मुलाचा तास चालू असताना जी अडखळ होते, ती पुष्कळदा डाउनलोड कमी म्हणून होत नाही, पिंग वाढल्यामुळे होते. एक सावधगिरी मात्र बाळगा. चाचणीला डेटा खर्च होतो. शंभरच्या वेगाची दहा सेकंदांची चाचणी सव्वाशे मेगाबाइट खाते. मोबाइलचा दिवसाचा कोटा तुटपुंजा असेल तर उगाच पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये.

माप एकदा घेऊन भागत नाही. एका उसाच्या रसावरून सगळ्या फडाची रिकव्हरी ठरवत नाहीत, तसेच हे आहे. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान असे आठ दिवस मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. तारीख, वेळ, तिन्ही आकडे, आणि माप राउटरजवळ घेतले की आतल्या खोलीत, एवढे पुरे.

इथे आमचीच एक गोष्ट सांगतो. या अंकाचे काम जिथे चालते, त्या खोलीत शंभरचा प्लॅन असूनही अठराच्या वर काटा जात नव्हता. वर्षभर आम्ही कंपनीच्या माणसाला बोल लावला. त्यानेही दोन-तीनदा "लाइन क्लिअर आहे" म्हणून हात झटकले. शेवटी एका सभासदाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने राउटरला थेट केबल जोडून मोजले, तर आकडा ९४! राउटर शोधला तर तो लोखंडी कपाटात, जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यांमागे. चोरीला जाऊ नये म्हणून आम्हीच ठेवलेला. कपाटातून काढून भिंतीवर उंच लावला आणि खोलीतला आकडा साठाच्या वर गेला. वर्षभराच्या शिव्या आमच्या आम्हाला परत आल्या.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असे आपण म्हणतो. इथे प्रकार उलटा होता. आडात पाणी होते, पोहरा फुटका होता. म्हणून पहिला नियम हा, की आधी केबल जोडून मोजा आणि मग वायफायवर मोजा. केबलवर आकडा बरोबर आणि वायफायवर कमी आला, तर दोष घरात आहे. केबलवरही कमी आला, तर दोष बहुधा बाहेर आहे. संगणक नसेल तर मोबाइल राउटरपासून चार हातांवर धरून मोजा, त्यावरूनही बराच अंदाज येतो.

घरातले दोष कसे काढायचे, ते थोडक्यात सांगतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी आणि जुन्या वाड्याच्या दगडी किंवा मातीच्या जाड भिंती या लहरी अडवतात. बहुतेक नव्या राउटरमध्ये दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो पण वेग कमी देतो आणि त्यात शेजाऱ्यांची गर्दीही असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. जवळच्या खोलीत पाचचा आणि लांबच्या खोलीत अडीचच्या आतला वापरावा. आळीत राउटर फार असतील, तर २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच तीन चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यांतले जे मोकळे दिसेल ते सेटिंगमध्ये निवडावे. घर लांबलचक असेल तर सरळ केबल ओढावी. चांगल्या केबलीची एक लांबी १०० मीटरपर्यंत चालते. मात्र राउटरचे केबलचे तोंडच शंभरचे असेल, तर दोनशेचा प्लॅन घेऊनही केबलवर ९४-९५ च्या वर काही मिळत नाही. दोन इंची पाइपाला मोठी मोटर बसवल्यासारखे ते होते. प्लॅन वाढवण्याआधी हे विचारून घ्या.

पासवर्डकडेही लक्ष द्या. कनेक्शन घेताना दिलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर तो आळीभर कधी होतो ते कळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये किती उपकरणे जोडली आहेत, ते दिसते. घरात चार मोबाइल आणि यादीत अकरा, असे निघाले तर आपला पाट कोण फोडतो आहे ते समजले. आणखी एक छुपा खर्च असतो. मोबाइलमधले फोटो आपोआप वर चढवले जातात. त्यात अपलोडची वाट भरली की डाउनलोडही अडखळते आणि पिंग वाढतो. ही कामे रात्री उशिरा होतील असे सेटिंग करून ठेवावे. मोबाइलच्याच नेटवर काम असेल, तर ४जी आणि ५जी दोन्हीवर मोजून बघावे. ५जी आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले, पण घरात त्याचा सिग्नल अशक्त असेल तर ४जी बरे चालते.

"वेग दुप्पट करा" म्हणणारी ॲप मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आडातले पाणी ॲपने वाढत नाही. डीएनएस बदलण्याचाही फार गवगवा होतो. डीएनएस म्हणजे नावावरून नंबर शोधायची डायरी. ती चांगली असेल तर पान उघडायला थोडे लवकर लागेल, पण मोठी चित्रफीत उतरण्याचा वेग त्याने वाढत नाही.

आता बाहेरच्या दोषाकडे वळू. फायबरच्या एका तारेवर साधारणपणे ३२ किंवा ६४ घरे जोडतात. सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत त्या तारेची एकूण क्षमता खाली येण्यासाठी अडीच हजार एमबीपीएसच्या आसपास असते. ६४ घरांना शंभर-शंभर कबूल केले, तर बेरीज ६,४०० होते. सगळी घरे एकाच वेळी पूर्ण वेगाने ओढत नाहीत, म्हणून हे चालून जाते. पण रात्री आठला सगळ्यांनीच दारे उघडली, किंवा पुढची वाटच अरुंद ठेवली, तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही तीच गत होते. सकाळी सहाला ९०, रात्री नऊला ६, असे आठ दिवस सारखे दिसले, तर तो घरातला दोष नव्हे.

आमच्या भागातल्या एका वस्तीत हेच झाले. दहा-बारा जणांनी सुट्या सुट्या तक्रारी केल्या, कोणी दाद दिली नाही. मग सगळ्यांनी आठ दिवसांच्या वह्या एकत्र केल्या आणि एकच अर्ज लिहिला. आकडे बघून कंपनीचा माणूस वाद घालीना. पंधरवड्यात वस्तीची वाट वाढवून मिळाली. एकट्याचे गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, दहा जणांच्या नोंदीला वजन येते. आपला कारखाना तरी दुसऱ्या कशावर उभा राहिला?

तक्रारीची रीतही माहीत असावी. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार द्या आणि तिचा नंबर लिहून घ्या. नंबर नसलेली तक्रार म्हणजे पावती नसलेला ऊस. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार निकालात काढत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे हेलपाटे वाचतील. प्लॅन घेताना "शंभरपर्यंत" यातला "पर्यंत" नीट वाचा, आणि महिन्याचा कोटा संपल्यावर वेग किती राहील ते लेखी विचारा.

सभासदांना एवढे सांगितल्यावर आपल्या कारखान्यालाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९९८ मध्ये वारणानगरला "वायर्ड व्हिलेज" नावाचा प्रयोग झाला. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी तो होता आणि गावोगावी संगणक केंद्रे काढून ती जोडायची होती. पुढे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा असे दिसले की, शेतकरी त्या केंद्रांवर मुख्यतः येत होता तो उसाच्या माहितीसाठी, म्हणजे परवाना, वजन आणि पैसे यांसाठी. मग सात गावांत तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली आणि ते काम झाले. यातला धडा आपल्या संचालक मंडळाने घ्यावा. आमच्या सभासदाला हवी असलेली माहिती चार ओळींची आहे. तिच्यासाठी रंगीत चित्रांनी भरलेले जड ॲप कशाला? नोंद कमी वेगातही जावी, नेट गेले तर मोबाइलमध्ये साठून राहून नंतर आपोआप पोचावी, आणि पोचल्याची पावती एसएमएसने यावी. सभासदाने भरलेली नोंद नेटअभावी अडकली, तर तोडीचा क्रम त्याने भरल्या तारखेचाच धरावा. ही मागणी आम्ही येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी म्हणतो.

कोणी म्हणेल, "शेतकऱ्याला ही बिट-बाइटची उठाठेव कशाला?" आम्ही एवढेच विचारतो, की आपल्या आजोबांना रिकव्हरी म्हणजे काय हे तरी कुठे माहीत होते? उसाच्या दराशी तिचा संबंध आहे हे कळले आणि आज शेंबडे पोरही रिकव्हरी विचारते. ज्याचे पैसे आपण मोजतो, त्याचे माप आपल्याला कळले पाहिजे. आजपासून आठ दिवस वही ठेवा. कपाटातला राउटर बाहेर काढा. वस्तीतल्या चार जणांच्या वह्या एकत्र करून गट ऑफिसात आणून द्या. पुढचे भांडण सगळे मिळून भांडू, आणि ते आकड्यांनी भांडू.