मावशींची मराठी

परवा नव्या पेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानात एक मावशी फोनशी मराठीत बोलत होत्या. फोनला काही केल्या उमजेना. त्यांची मराठी सोलापुरी, कानडी-तेलुगूच्या शेजारात वाढलेली. अशी बोली यंत्राच्या कानावर फारशी पडलेलीच नसणार.

यंत्रांना माणसांचं बोलणं कळावं म्हणून मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हा प्रकल्प २०१७ पासून लोकांनी दिलेले आवाज जमवतो. मराठीही त्यात आहे. समोरचं वाक्य वाचायचं, ध्वनिमुद्रण करायचं. दोघांनी ऐकून होकार दिला की ते ग्राह्य. हा साठा कुणालाही मोफत वापरता येतो. हेल वेगळा म्हणून वाक्य बाद करू नये, असं तिथले नियमच सांगतात. मला तोच नियम सगळ्यात मोलाचा वाटतो.

कारण अशाच एका मुक्त प्रकल्पात मी पाठवलेली पहिली दुरुस्ती एका शब्दाचंही कारण न देता परतवली गेली होती. वर्षभर मी तिकडे फिरकलो नाही. नवख्याला दोन ओळींचं उत्तर मिळालं असतं, तर तो टिकला असता.

आवाज कसा द्यायचा, हे या अंकात चित्रांसह दिलं आहे. पहिली प्रत त्या मावशींना नेऊन देणार आहे.