ताटात रानाचा सीझन

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा महाबळेश्वरच्या हॉटेलांत रंगरंगोटी उरकत आली असेल, गाद्या उन्हात पडल्या असतील आणि मे महिन्याच्या बुकिंगचे फोन खणखणू लागले असतील. 2011च्या जनगणनेत जेमतेम 13 हजार वस्तीचे हे गाव सुट्टीच्या दिवसांत किती माणसांना जेवू घालते, ते वेण्णा लेकवरची गाड्यांची रांग पाहूनच कळते. त्या रांगेवर आपले वर्षाचे गणित बसते, म्हणून ‘सीझन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्दी उभी राहते. पण याच दिवसांत पठारावर रानाचाही सीझन चालू असतो. आपल्या मेन्यूकार्डाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

मागच्या मे महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात, आम्ही तिथल्या एका मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. मेन्यूकार्ड भरगच्च होते. पंजाबी, चायनीज, गुजराती थाळी, जैन, सगळे काही. वर ठळक अक्षरांत ‘ताजी स्ट्रॉबेरी विथ क्रीम’. मागवली. फळे मऊ पडलेली, वाटीच्या तळाशी गुलाबी पाणी सुटलेले. फळ फ्रीझरमधून आले आहे हे आपल्यापैकी कुणालाही पाहताक्षणी कळले असते. बाहेर आलो तर फाटकापाशी एक आजी पाटी घेऊन बसलेल्या, पानांच्या द्रोणात करवंदे. सकाळीच तोडलेली, देठाशी चीक अजून ओला. आतल्या एकाही टेबलावर करवंद नव्हते.

स्ट्रॉबेरीने या गावाला देशभर नाव दिले. देशातल्या उत्पादनापैकी सुमारे 85 टक्के याच परिसरातले मानले जाते, आणि 2010मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाऊस ओसरल्यावर लावलेली ही रोपे थंडीत भरात येतात आणि एप्रिल सरता सरता वाफे रिकामे होऊ लागतात. गोठवलेले फळ कमी दर्जाचे असते असे नाही. मिल्कशेकला, आइस्क्रीमला ते उत्तम चालते. फक्त कार्डावर त्याला गोठवलेलेच म्हणावे. ज्या फळावर आपण मोठे झालो, निदान त्याच्या नावावर तरी ग्राहकाशी खोटे बोलू नये.

शिवाय खोटे बोलण्याची गरजच काय? मे महिन्यात सह्याद्री रिकाम्या हाताने उभा नसतो. करवंदे आहेत, तोरणे आहेत, आळू आहेत, महिनाअखेरीला जांभळे येतात. जांभळाच्या फुलोऱ्यावर सातेरी माश्यांनी केलेला मध याच सुमारास निघतो. राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि 2022मध्ये तालुक्यातले मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. तरीही सकाळच्या नाश्त्याला आपण दूरच्या कारखान्यातल्या मधाच्या प्लॅस्टिक डब्या मांडतो. जांभळाच्या मधाची किंचित तुरट चव पाहुण्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

हे पदार्थ करणार कोण, असे आपण विचाराल. माणसे आपल्याच हॉटेलात आहेत. त्याच मुक्कामात खोली आवरायला येणारा मुलगा कांदाटी खोऱ्यातला होता. उन्हाळ्यात घरी काय असते, विचारले. तो म्हणाला, “आंबील असते साहेब. आई रात्रीच नाचणीचं पीठ भिजत घालते. सकाळी आंबूस वास आला की शिजवते. गार झाली की ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गडूभर प्यायली की दुपारपर्यंत ऊन लागत नाही.” मग स्वतःच म्हणाला, “पण इथं कोण पिणार?” त्याचा हा प्रश्न आम्हाला सलला. त्याच्या घरचे अन्न पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे नाही, असे त्याला वाटू लागले, ते आपल्या कार्डामुळे.

आमची सूचना साधी आहे. सोळा पानी कार्ड आहे तसे राहू द्या. त्यासोबत मे महिन्यापुरते एक पान छापा, सहा-सात पदार्थांचे. नाचणीची आंबील, करवंदाचे सरबत आणि लोणचे, भाकरी-पिठले, ठेचा, जांभळाचा मध. माल अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी असलेल्या बचत गटाकडून घ्या. फाटकाबाहेरच्या आजींची पाटी रोज सकाळी आतच घ्या, भाव न पाडता. आणि पदार्थ ज्या गावाकडून शिकलो, त्या गावाचे नाव त्याच्यापुढे लिहा.

दुसरी गोष्ट पाण्याची. वेण्णा तलाव 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. पाहुणा तिथे नाव वल्हवतो. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या नळाला त्याच तलावाचे पाणी येते, हे त्याला कुणी सांगत नाही. पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पठारावरून बहुतेक पाणी उतारांनी वाहून जाते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर शोधावे लागतात. पाणी अर्धा पेला वाढा, मागितल्यास पुन्हा द्या. ते का, हे वाढप्यांना दोन वाक्यांत सांगायला शिकवा. पाहुणे समजून घेतात.

तिसरी, रिसेप्शनवरच्या फळ्याची. पॉइंटांची यादी सगळेच लावतात. तिथे गावची रोजची खबर लिहा. 4 मे 2017 पासून घराघरांत पुस्तके मांडून बसलेले पुस्तकांचे गाव भिलार कसे गाठावे, मांघरला मधपेट्या पाहायला कधी जावे, रस्ता कुठे अडला आहे. 2025च्या मे महिन्यात इथे तीन दिवसांचा महापर्यटन उत्सव झाला. उत्सवाचे मांडव तीन दिवसांत उतरतात. उरलेल्या दिवसांत गावाची ओळख करून देणे हे आपलेच काम आहे.

जाणती माणसे पहिला पाऊस पडला की करवंद तोंडात घालत नाहीत, अळी पडते म्हणून. त्याच पावसाने आपल्या खोल्याही रिकाम्या होऊ लागतात. दोन्ही सीझन एकाच पावसाने संपतात. तोवर हाती असलेल्या सहा आठवड्यांत आपल्या टेबलावर करवंदाचा एक तरी द्रोण पोहोचावा.