बटव्यातली नाणी: आधी ‘कुठली?’, मग ‘कितीची?’

१/ सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या पश्चात ट्रंकेच्या तळाशी किंवा देवघरात कधीकधी नाण्यांचा बटवा निघतो. पहिला प्रश्न उमटतो, ‘याचे किती येतील?’ माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. का, ते या धाग्यात.

२/ जाडसर, ओबडधोबड तांब्याचे नाणे बहुधा शिवराई असते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. ठसा धातूच्या तुकड्याहून मोठा असल्याने अक्षरे पुष्कळदा अर्धवटच उमटलेली दिसतात.

३/ मात्र ‘शिव’ वाचताच नाणे शिवकालीन ठरत नाही. हाच मजकूर पेशवाईतही तांब्यावर उमटत राहिला. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई नंतरच्या काळातली. ती विपुल सापडते, म्हणून फार महागही नसते.

४/ रुपयावर फार्सी अक्षरे दिसली की ‘हे आपले नव्हे’ म्हणून तो मोडीत घातला जातो. ही मोठी चूक. मराठ्यांच्या टांकसाळीही दिल्लीच्या बादशहाच्या नावाने रुपये पाडत. अंकुशाचे चिन्ह असेल, तर तो अंकुशी रुपया असण्याचा संभव आहे.

५/ जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे. १८६२ हे साल घातलेले राणीछाप रुपये पुढेही कित्येक वर्षे पाडले गेले, म्हणून ते आजही मुबलक आहेत.

६/ कंपनीचे नाव आणि रामदरबार किंवा हनुमान एकाच नाण्यावर दिसला, तर ते चलन नव्हेच. कंपनीने अशी नाणी पाडली नाहीत. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करून आधी शुल्क मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केले आहे.

७/ आणि कृपा करून चिंच, लिंबू, राख लावू नका. तांब्यावरचा काळपट थर गेला की अक्षरांच्या कडा जातात, आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही.

८/ आता मुख्य मुद्दा. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तरी शिवराई त्यानंतरही बाजारात चालत राहिली. शिवराई आणि राणीछाप रुपया एकाच बटव्यात निघाले, तर राज्य गेले तरी व्यवहार कसा टिकला याची ती साक्ष असू शकते. नाणी सुटी करून विकली की साक्ष संपते. उरतो केवळ धातू.

९/ गरजेपोटी विकण्यात गैर काहीच नाही. पण त्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, वजन करा, बटवा कोणाचा, कोणत्या गावचा, त्यात आणखी काय होते ते लिहून ठेवा. मग जाणकारास दाखवा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाच आहे.

१०/ नाणे सराफाच्या तराजूत केव्हाही तोलता येते. त्याची हकिकत मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच असते. ती आजच विचारून घ्या.