कोणाबरोबर खेळतोस?



मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. म्हणाल्या, "बाजी, तुम्ही मुलांच्या अभ्यासावर लिहिता, वाचनावर लिहिता, मग मोबाइलच्या गेमवर का लिहीत नाही? माझ्या मुलाच्या फोनमधला एक गेम मी काढून टाकला, आठ दिवसांत दुसरा आला. तो काढला, तर तिसरा. मी काय रोज हेच करत बसू?" मला हसू आले, कारण माझ्या घरीही हेच झाले होते, तेही दोन्ही मुलांच्या वेळी. त्यातून एक साधी गोष्ट शिकायला मला पाच वर्षे लागली. या वेळी तीच सांगते.

आम्ही शेलूला राहतो. कर्जत लोकलने वांगणी सोडले की नेरळच्या अलीकडचे हे छोटे स्टेशन. गेल्या काही वर्षांत इथे नव्या इमारती झाल्या आणि मुंबई-मुंब्र्याकडे जागा न परवडणारी बरीच कुटुंबे इकडे आली. आम्हीही त्यांतलेच. घरातली कर्ती माणसे पहाटेच्या लोकलने जातात, रात्री परततात. मुलांचे जुने सोबती मागे राहिले आणि नव्या इमारतीत शेजारच्या दाराची अजून ओळख नाही. अशा मुलाच्या हाती फोन आला की तो गेमच्या निमित्ताने सोबती शोधतो. हे मला तेव्हा उमगले नव्हते.

२०२० साली माझा थोरला आठवीत होता. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली आणि फोनबरोबर पब्जी आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. चौघांचा एक संघ करता येतो आणि खेळता खेळता एकमेकांशी बोलता येते. थोरल्याच्या संघात तो, मुंब्र्याचा त्याचा मामेभाऊ आणि जुन्या चाळीतली दोन मुले. त्या वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता, त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालू राहिला, मग तोही बंद पडला. मी मनात म्हटले, अल्हम्दुलिल्लाह, सुटलो.

आठवडाही गेला नसेल, तो फ्री फायर खेळताना दिसला. या गेमला तो आणि त्याचे मित्र कालपर्यंत "बच्च्यांचा गेम" म्हणून हसत होते. मी विचारले, "तुला तर हा आवडत नव्हता ना?" तो मान वर न करता म्हणाला, "अम्मी, सगळे तिकडे गेले."

त्या वेळी मी हे उत्तर उडवून लावले. आता वाटते, सगळे उत्तर त्या तीन शब्दांत होते. फ्री फायर कमी किमतीच्या फोनवरही चालायचा, डाव दहा-एक मिनिटांत संपायचा, ही कारणे होतीच. पण ही सोय तर आधीही होती. मुलगा हलला तो चौघांतले तिघे हलल्यावर.

याची उलट बाजूही लगेच दिसली. पब्जीवर बंदी आल्यावर दोनच दिवसांत फौजी या भारतीय गेमची घोषणा झाली. अभिनेता अक्षयकुमारने ती केली होती, त्यामुळे गाजावाजा मोठा होता. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला आणि लाखो लोकांनी तो उतरवून घेतला. माझ्या थोरल्यानेही घेतला. पण तेव्हा तो एकट्याने खेळायचा होता. गलवान खोऱ्यातली गोष्ट होती, मित्रांबरोबर खेळण्याची सोय नंतर काही महिन्यांनी आली. सुरुवातीला भरभरून मिळालेले तारे काही दिवसांतच घसरले. थोरल्याने तो चौथ्या दिवशी काढून टाकला. एकदा करून पाहायला जाहिरात पुरते, पण टिकून राहायला सोबती लागतात.

आपण मोठी माणसे वेगळी आहोत असे समजू नका. त्याच लॉकडाऊनमध्ये आपल्यापैकी कितीजणी लुडो किंग खेळल्या? नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली काढलेला हा गेम. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुफूने खोलीचा कोड पाठवला. मोबाइलला कधी हात न लावणाऱ्या माझ्या सासूबाईंनी चष्मा पुसून घेतला आणि विचारले, "माझा रंग कोणता?" त्यांना काही गेमची हौस नव्हती. तिकडे फुफू होती, खाला होती, म्हणून त्या गेल्या. आपल्याला ज्या दोरीने ओढले, त्याच दोरीने मुलेही ओढली जातात.

ही दोरी कधी ओढते, तशीच कधी बांधूनही ठेवते. गेममध्ये मुलाने महिनोन्‌महिने कमावलेली श्रेणी असते, पैसे देऊन घेतलेले कपडे आणि बंदुकांचे रंग असतात आणि ते पाहून वाहवा करणारे मित्र असतात. नव्या गेममध्ये हे सगळे शून्यापासून. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायरही बंद झाला, तेव्हा मुले फ्री फायर मॅक्सवर गेली. कारण तिथे जुनेच खाते चालत होते आणि मित्रांची यादी जशीच्या तशी होती. पुढे १६ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा इंडस हा गेम आला. थोरल्याने "आपल्या पुण्याचा आहे" म्हणून कौतुकाने उतरवला आणि दोन दिवसांनी काढला. म्हणाला, "चांगला आहे, पण आमच्यातले कोणीच नाही." फोनमध्ये जागा एकाच मोठ्या गेमपुरती असते. तिथे कोणता राहणार हे एकटा मुलगा ठरवत नाही.

इथवर सगळे गमतीचे वाटेल. आता जे सांगते आहे, ते सांगताना आजही माझा हात थांबतो.

२०२५ च्या उन्हाळी सुट्टीनंतर आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा येईनासा झाला. पंधरा दिवसांनी त्याची आई शाळेत आली. ती घरी शिलाई करते. गिऱ्हाइकांचे पैसे फोनवर येतात. त्यातले ४,२०० रुपये थोडे थोडे करून गेले होते. मुलाने "रंग ओळखा, पैसे दुप्पट" अशा एका ॲपवर ते लावले होते. पहिल्यांदा शंभराचे एकशे ऐंशी झाले, मग सगळेच गेले. आई म्हणाली, "बाजी, जुगार हराम आहे हे त्याला मी लहानपणापासून शिकवलंय." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला तो जुगार वाटलाच नाही. भाईने ग्रुपवर पाठवला होता."

हा "भाई" म्हणजे मुलांच्या गेमच्या ग्रुपमधला एक मोठा खेळाडू. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. तो मुलांना डाव शिकवायचा, कधी गेममधली एखादी वस्तू भेट द्यायचा. तो सांगेल ते मुले करून पाहायची आणि आजवर त्यात काही वावगे निघाले नव्हते. दुपारच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर हा मुलगा पाऊलही टाकणार नाही. पण हा जुगार मित्रांच्या ग्रुपवर, गेमच्याच बोलीत, "भाऊ, नवीन आहे, करून बघ" म्हणत आला. म्हणून तो दारात अडला नाही.

त्या भाईचे नाव ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. ते नाव मी माझ्या धाकट्याच्या तोंडून ऐकले होते. तो तेव्हा आठवीत होता. मगरिबनंतर त्याला जवळ बसवले आणि न रागावता विचारले. तो म्हणाला, "हो अम्मी, लिंक आम्हालाही आली होती." त्याच्या संघातही चौघे. वांगणीचा एक मुलगा सगळ्यांत आधी म्हणाला होता, "मी नाही. फोन अब्बूंचा आहे, पैसे गेले तर लगेच कळेल." मग दुसरा नाही म्हणाला, तिसरा नाही म्हणाला, शेवटी माझा.

मी विचारले, "आणि त्याने हो म्हटले असते तर?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मीही गेलो असतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या शिकवणुकीमुळे माझा मुलगा वाचला, असे म्हणायला मला जागाच उरली नव्हती. तो वाचला एका मित्राच्या "मी नाही"मुळे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हीच गोष्ट एका उदाहरणाने मांडली होती. चौकात शंभर माणसे जमली आहेत. एक जण कोणाची वाट न पाहता दगड उचलणारा. दुसरा, एकाने उचलला तर उचलणारा. तिसरा, दोघांनी उचलला तर. असे करत शंभरावा, नव्याण्णव जणांनी उचलल्यावर उचलणारा. अशा जमावात पहिला दगड पडला की शंभरही जण सामील होतात. आता यातला फक्त दुसरा माणूस बदला. त्याच्या जागी असा आणा की जो एकाला पाहून हलणार नाही, दोघे गेले तरच जाईल. मग पहिला एकटाच दगड मारतो आणि बाकीचे नव्याण्णव जागेवर उभे राहतात. माणसे जवळपास तीच, पण एका माणसाने सगळे बदलले. वांगणीचा तो मुलगा म्हणजे चौघांतला असा एक माणूस.

उर्दूत सोहबत म्हणतात, मराठीत संगत. आपल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊकच होते. मूल संध्याकाळी बाहेर गेले की ते विचारायचे, "कोणाबरोबर होतास?" आपले मूल घरातच, डोळ्यांसमोर बसलेले असते. म्हणून आपण तो प्रश्न विचारायचे सोडले आणि "काय खेळतोस?" एवढेच विचारू लागलो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही, म्हणून भीतीने किंवा लाजेने गोष्ट दडवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. कायदा चांगला आहे. पण बंदीनंतर मुले एका गेमवरून दुसऱ्यावर कशी जातात, हे आपण पाहिलेच. लिंक ग्रुपवरून येते आणि ग्रुपपर्यंत आईच पोहोचू शकते.

मी काय केले ते सांगते. धाकट्याचा गेम काढला नाही. त्याच्या संघातल्या तिघांची नावे विचारली, घरे विचारली आणि एका रविवारी तिघांना जेवायला बोलावले. मामेभाऊ मुंब्र्याहून आला, दुसरा नेरळहून, तिसरा वांगणीहून. चौघे इतके दिवस रोज बोलत होते, पण एकत्र बसून जेवले पहिल्यांदाच. मी त्यांच्या अम्मींचे नंबर घेतले. मग चौघांनी मिळून ठरवले, ज्याला कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्याने पाठवलेली लिंक उघडायची नाही. मी एकट्या माझ्या मुलाला हे सांगितले असते तर ते चार दिवस टिकले असते. चौघांनी ठरवले म्हणून ते टिकले आहे.

शाळेतही हेच वापरून पाहिले. मधल्या सुट्टीत कॅरम बोर्ड मांडला, तर दोन आठवडे कोणी फिरकले नाही. मग गेममध्ये ज्याचा शब्द चालतो त्या मुलालाच गुण लिहायला बसवले. तिसऱ्या आठवड्यात बोर्डाभोवती उभे राहायला जागा नव्हती.

तेव्हा माझ्या त्या भगिनीला उत्तर एवढेच. आज मुलाला तीन प्रश्न विचारा. तुझ्याबरोबर खेळणारे कोण? त्यांतल्या कोणाला तू प्रत्यक्ष भेटला आहेस? नवीन काही निघाले की ते आधी कोण सांगतो? उत्तरे ऐकताना फोन हिसकावू नका, नाही तर पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही.

त्या शिलाईवाल्या आईचे पैसे परत आले नाहीत. मुलगा मात्र शाळेत येऊ लागला. माझ्या धाकट्याने आणि त्याच्या मित्रांनी त्याला आपल्यात घेतले आहे. संघात जागा चारच असतात, त्यामुळे रविवारी एकाला आळीपाळीने बाहेर बसावे लागते. तो माझ्या सासूबाईंबरोबर लुडो खेळतो आणि बहुतेक वेळा हरतो.