शेवटची इच्छा, लेखी

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मृत्यूची आर्थिक तयारी आता बऱ्यापैकी होते. विम्याचे हप्ते वेळेवर जातात, ठेवींवर वारसाचे नाव असते. १९८५ साली बँकांतून नामनिर्देशनाचे नियम आले तेव्हा मी काउंटरवर होतो. ‘असलं अभद्र कशाला लिहून घेता?’ म्हणणारे खातेदार तेव्हा रोज भेटत. पुढे तेच लोक आपणहून फॉर्म मागू लागले. पैशाचे काय करायचे हे सांगायला आपण शिकलो. देहाचे काय करायचे, हे मात्र अजून सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतले एक गृहस्थ गेले. स्मशानात तिरडी उतरवली आणि दोघा मुलांत कुजबुज सुरू झाली. थोरल्याला सरण हवे, धाकट्याला विद्युतदाहिनी. नातेवाइकांतही दोन तट पडले. अखेर थोरल्याचे झाले. तेराव्याला त्यांच्या आई शांतपणे म्हणाल्या, ‘‘यांना दाहिनीच हवी होती. मला विचारलं कुठं कुणी?’’ बाई स्मशानात आल्या नव्हत्या, म्हणून त्यांना विचारायचे कुणाच्या ध्यानातच आले नाही!

खरे तर हा वाद पुष्कळसा अज्ञानातून होतो. आपल्या देहात निम्म्याहून अधिक पाणी असते. ते आटल्यावरच देह पेट घेतो. उघड्या सरणाची बरीच उष्णता वाऱ्यावर जाते. म्हणून एका देहाला साधारण तीनशे-चारशे किलो लाकूड लागते. पावसाळ्यात लाकूड ओले असले की हाल विचारू नका. निखारे विझायला वेळ लागतो, म्हणून अस्थी सावडायला बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावे लागते. दाहिनीत भट्टी आधीच कित्येक शे अंशांपर्यंत तापवलेली असते. देह आत सरकवतात, दार बंद होते आणि साधारण तास-दीड तासात दहन आटोपते. गॅसदाहिनीचे तत्त्वही तेच.

‘पण अस्थी नीट मिळतात का?’ हा नेहमीचा प्रश्न. हाडांतला कॅल्शियम-फॉस्फेटचा भाग जळत नाही. तोच अस्थी म्हणून उरतो, सरणातही आणि दाहिनीतही. दुसरी शंका कपाळमोक्षाची. उष्णतेने कवटीला तडे दोन्हीकडे जातात. मडके खांद्यावर घेऊन घालायच्या प्रदक्षिणा, मंत्राग्नी, हे सारे दाहिनीच्या दारापाशीही करता येते. एक गोष्ट मात्र विसरू नये. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून तो आधी काढून घ्यावा. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

याचा अर्थ सरण वाईट, असे मी म्हणणार नाही. बापाच्या चितेला आपल्या हाताने अग्नी देणे, ज्वाळा शांत होईतो चार माणसांत बसून राहणे, यात दुःखाला वाट मिळते. बंद दारासमोर काहींना ती मिळत नाही. शिवाय वीज फुकट तयार होत नाही, आणि खेड्यापाड्यांत दाहिनी आहेच कुठे? झाडांचा विचार करून मी स्वतः दाहिनी निवडली आहे. दुसऱ्याने तीच निवडावी असा आग्रह नाही. आग्रह आहे तो सांगून ठेवण्याचा. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत कितीतरी घरांना आपल्या माणसाचे मुखदर्शनही मिळाले नाही. निवड करता येणे हे केवढे भाग्य, ते तेव्हा कळले.

तेव्हा, वाचकहो, एखाद्या रविवारी चहा झाल्यावर घरात हा विषय काढाच. सरण की दाहिनी? नेत्रदान करायचे का? (ते काही तासांतच व्हावे लागते.) अग्नी कुणी द्यायचा? मुलीने दिला तर चालेल ना? अस्थी नदीत सोडायच्या की झाडाच्या मुळाशी घालायच्या? पाच ओळींचा कागद पुरतो. सही करा, तारीख घाला, विम्याच्या कागदांसोबत ठेवा आणि तो कुठे आहे हे पत्नीला, मुलीला, सुनेला, सगळ्यांना सांगा. पहिली पाच मिनिटे घर गप्प होईल. मग कुणीतरी हळूच म्हणेल, ‘‘माझंही लिहून घ्या.’’